खात्याचे तीन खडे

धडगावच्या डोंगरातला खात्या पावरा सात वर्षं समुद्रातल्या तेलविहिरीवर पाइप जोडायच्या कामाला होता. एका सकाळी त्याला पाइपला चीर दिसली. त्याने ती साहेबाला दाखवली. साहेब म्हणाला, "जोड गुमान." जहाजात तेल भरताना पाइप फुटला आणि काळा तवंग पार किनाऱ्याला लागला. चौकशीत साहेबाने जहाजाच्या कप्तानाकडे बोट दाखवलं, कप्तानाने साहेबाकडे, आणि मग दोघांनी मिळून खात्याकडे.

खात्याचा बाप गावात पंच होता. त्याच्यापुढे दुसऱ्याचं नाव घेण्याआधी प्रत्येकाने आपल्या चुकीचा खडा मध्ये ठेवायचा, अशी रीत. खात्याने चौकशीच्या ऑफिसच्या आवारातून तीन खडे उचलून आणले होते. एक त्याने टेबलाच्या मधोमध ठेवला. "चीर दिसूनही पाइप मी जोडला. हा माझा." उरलेले दोन त्याने त्या दोघांपुढे सरकवले. "तुमचे तुम्ही ठेवा."

कप्तानाने आपला खडा मध्ये ठेवला. पाइप फुटल्यावरही पंप आपण दहा मिनिटं चालूच ठेवला, असं म्हणाला.

खात्याची नोकरी गेली. तरी धडगावच्या जीपमध्ये तो ही गोष्ट ताठ मानेने सांगतो. साहेबाच्या खड्याचं काय झालं, असं कोणी विचारलंच तर म्हणतो, "त्याने तो हळूच खिशात घातला. चौकशीवाल्याने तेही लिहून घेतलं."