परंडा किल्ला, दोन रकाती आणि नागपूरचा पंखा

परंड्याला मी हौसेनं गेलो नाही, मला घरातून हाकललं. माझी लेक सना फार्मसी शिकायला नागपूरला गेली आणि पहिल्याच आठवड्यात मी हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंना फोन करून विचारलं, खोलीतला पंखा नीट टांगलाय ना? बाईंनी ते जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्या पोरींसमोर सांगितलं. मग सनाचा फोन आला. "अब्बू, आठ दिवस मला फोन करायचा नाही. केलात, तर पुढे मी तुम्हाला काहीच सांगणार नाही. कधीच."

ती बोलते ते करते, आईवर गेलीय. बायको म्हणाली, "हे आठ दिवस तुम्ही घरात काढलेत तर मीच हॉस्टेल शोधेन. खालूंकडे जा." खालू म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. परंड्यात विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतात.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: पुण्याहून रेल्वेनं कुर्डुवाडी, तिथून परंड्याची एसटी. माझी एसटी नुकतीच गेली होती, म्हणून वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये बसलो, दाराशेजारी. ड्रायव्हरला विचारलं, "हे दार आतून उघडतं ना?"

"उघडतंय की. सकाळी आपूआपच उघडलं हुतं."

उरलेला रस्ता मी समोरच्या सीटचा दांडा धरून काढला. दोन्ही बाजूंना ऊस होता म्हणतात.

पोहोचल्या पोहोचल्या मावशीनं माझा फोन मागितला आणि ज्वारीच्या कोठीत तळाशी पुरला. बायकोशी तिचं आधीच ठरलं होतं. बदल्यात गरम भाकरी, शेंगांची चटणी आणि भूमकडच्या खव्याचे पेढे मिळाले. पेढे जरूर खा, फोन गेल्याचं दुःख थोडं कमी होतं.

दुसऱ्या दिवशी किल्ला. सकाळी लवकर जा, नंतर दगड तापतात. खंदक रुंद आहे, तटबंदी अजून भक्कम आहे आणि बुरुजांवर खऱ्या तोफा आहेत. एका तोफेच्या तोंडासमोरून मी वाकून गेलो. ती भरलेली नाही हे शेवटचं कुणी तपासलं होतं? शेळ्या राखणाऱ्या एका बाईंनी हे पाहिलं.

"काय हरवलंय का, भाऊ?"

"नाही, तोफ भरलेली तर नसेल ना, म्हणून."

"भरल्याली हाय की," त्या म्हणाल्या. "चिमण्यांनी."

तिसऱ्या दिवशी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाला खालूंसोबत मशिदीत निघालो. नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतात ती वजू करताना डावं कोपर कोरडं राहिलं की काय, अशी शंका आली म्हणून पुन्हा केली, मग पुन्हा. तोवर जमात, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज, संपली. एकट्यानं पढायला उभा राहिलो. उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकून सज्दा अशी एक फेरी म्हणजे रकात. असरच्या चार असतात, पण मी मुसाफिर, मुसाफिराला दोनच. दोन! तरीही मधेच वाटलं, ही पहिली की दुसरी? सोडून नव्यानं सुरू केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सोडली तेव्हा भिंतीला टेकून बसलेले खालू म्हणाले, "बेटा, हितंच मुक्काम करतूस का?"

"खालू, पहिली झाली की दुसरी, तेच कळत नाही."

"एखाद्या वेळी झालं असतं तर पुन्हा पढ म्हणलो असतो. तुझी रोजचीच बोंब हाय. मग जेवढी पक्की, तेवढीच धर. एक पक्की? मग अजून एक पढ. शेवटी सहवचे दोन सज्दे कर. भूलचुकीचे. संपलं."

"आणि तरीही चुकलं असलं तर?"

"अरे, त्याच्यासाठीच तर ते सज्दे हायत! बनवणाऱ्याला ठाव न्हाय व्हय, माणूस विसरतंय? मोटार दुरुस्त केली की म्या बटन दाबतो अन् घरी येतो. रातभर विहिरीवर बसत न्हाय."

चाळीस वर्षं नमाज पढतोय, नियम तोंडपाठ आहे. पण तो माझ्यासारख्यांसाठी आहे, हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

"पोरीचं पक्कं काय हाय?" खालूंनी विचारलं.

"ती सुखरूप पोहोचली. हुशार आहे. चिडली की स्पष्ट सांगते."

"मग तेवढं धर."

पुन्हा उभा राहिलो. मधेच तीच शंका आली, तेव्हा एक पक्की धरली, अजून एक पढलो. सहवच्या दुसऱ्या सज्द्यात कपाळ चटईला टेकलं आणि मला रडू आलं. या अल्ला, पंख्याचं तू बघ, मला जमत नाही, एवढंच मनात म्हणालो. उठलो तेव्हा खांदे हलके झाले होते. खालूंनी बाहेर येऊन दोन कप चहा सांगितला.

आठव्या दिवशी पुण्याला परतलो. आणि फोन? तो परंड्यातच, ज्वारीत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी विसरलो होतो आणि मला त्याची आठवणही झाली नव्हती.

दारातच बायकोनं तिचा फोन माझ्या हातात दिला. "बोला तिच्याशी. सकाळपासून चौदा वेळा विचारून झालं."

"अब्बू! फोन का उचलत नाही? आठ दिवस म्हणजे खरंच आठ दिवस?" सना म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला काही झालं. मी... मी स्टुलावर चढून पंख्याचा हूकसुद्धा बघितला."

माझीच लेक. मी हसलो.

"पक्कं काय आहे, सना?"

"पंखा फिरतोय. तुम्ही घरी आहात."

"मग तेवढं धर, बेटा."

फोन तिनंच आधी ठेवला. मी परत लावला नाही.