बिरेटचं उदाहरण

"मौसी, पोछा छोड़ो, अंदर आओ. ॲक्टिंग करनी है."

इंग्रजीच्या मॅडमनी मला सातवीच्या वर्गात बोलावलं. इथे हिंदी मुलखात, फ्रीगंजमधल्या त्या शाळेत मी आया होते. फळ्यावर चार शब्द. स्कोल्ड, रिब्यूक, रेप्रिमांड, बिरेट. चारही रागावण्याचे. फरक मुलांच्या डोक्यात शिरत नव्हता, म्हणून मॅडम तो माझ्यावर करून दाखवणार होत्या.

"स्कोल्ड, जैसे मम्मी डाँटती है." त्यांनी माझ्यापुढे बोट नाचवलं. "कितनी बार बोला, चप्पल बाहर!" मुलं हसली. रिब्यूक म्हणजे एकच टोला. "शर्म नहीं आती?" रेप्रिमांड वरिष्ठ करतो, कामातल्या चुकीबद्दल. त्यासाठी त्या खुर्चीत बसल्या. "फिर ऐसा हुआ तो नौकरी से निकाल दूँगी." इथवर मी सोसलं.

"अब बिरेट. इसमें रुकना नहीं होता."

मॅडम मराठी, मीही. पूर्वज दरबारात होते, हे त्या येताजाता सांगत. बिरेटसाठी त्यांनी हिंदी सोडली.

"कितीही घासा, तुमच्या जातीचा वास जात नाही. लायकी झाडू मारायची, आणि पोरं आमच्या मुलांशेजारी बसवायची. तीही फुकटात! जन्म गेला खरकट्यावर..." थांबल्याच नाहीत. ही ॲक्टिंग नव्हती.

मराठी न कळताही मुलं हसत होती. तिसऱ्या बाकावर माझी मुलगी हसत होती. तिला सगळं कळत होतं. सरकारी कोट्यातून तिला प्रवेश मिळाला, तेव्हाच मॅडमनी बजावलं होतं, शाळेत हिने तुम्हाला आई म्हणायचं नाही, बाकीच्या पालकांना आवडत नाही. एकटीच गप्प बसली तर ओळखू येईल, म्हणून ती हसत होती.

मी मॅडमच्या टेबलावर ओलं फडकं ठेवलं.

"बस. ये मेरी बेटी है. मॅडम ने जो बोला, इसको भी बोला."

मुलीचं हसू तोंडावरच राहिलं.

"मावशी, उदाहरण होतं ते. मनाला काय लावून घेता?"

"मग पुढचं उदाहरण प्रिन्सिपल सरांवर करा."

शाळा सुटायच्या आत मला काढलं. काढू देत. लादी सगळीकडेच मळते, काम मिळेल. मुलीची जागा कायद्याने मिळालेली आहे. ती उद्याही त्याच बाकावर बसणार.

मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, कुणीही जाऊन तक्रार मांडावी. मुलीला घेऊन जाणार. साहेब म्हणतील, थोडक्यात सांगा. नाही सांगणार. मॅडम जेवढं बोलल्या तेवढं सगळं, भरल्या हॉलमध्ये, मोठ्याने म्हणून दाखवणार. एक शब्द गाळणार नाही.