टोकाशी दाटणाऱ्या रेषा

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि मला चिडायला वेळ लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. त्या संध्याकाळी चिडले नसते, तर पुढचं काही झालं नसतं.

सिहोऱ्याला, सासरच्या घरी वह्या तपासत बसले होते. निम्म्या वह्यांत विद्युत क्षेत्ररेषा एकमेकींना छेदलेल्या. अरे, दोन रेषा छेदल्या तर तिथल्या प्रभारानं जायचं कुठं, दोन्हीकडे? घसा कोरडा करून सांगितलं होतं! सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. त्यांनी एका चित्रावर बोट ठेवलं. वर ढग, खाली सपाट जमीन, जमिनीवर एक टोकदार सळई, आणि साऱ्या रेषा त्या टोकाशी दाटलेल्या.

"हे काय वो, केसावानी?"

"वीज, आई. टोक असलं की रेषा तिथं गर्दी करतात. जिथं गर्दी तिथं जोर. म्हणून वीज टोकावर पडते."

"मंग बाजूच्या माणसाले काही नाही होत?"

"टोकावर पडते म्हटलं ना!" मी वही आपटली. त्या पुन्हा भाजी निवडू लागल्या. पडल्यावर वीज जमिनीत कशी पसरते, ते सांगायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, मला कंटाळा आला होता.

चार-पाच दिवसांनी दुपारी कॉलेजातून परतताना आंबागडच्या बाजूनं आभाळ काळं होऊन आलं. भाताचा रोवणा चालू होता, आमच्या बांधीतल्या चिखलात सासूबाई आणि आठ बाया रोपं लावायला गेल्या होत्या. दरवर्षी विजा कडाडल्या की त्या मोहाच्या झाडाखाली बसायच्या आणि दरवर्षी मी त्यावरून भांडायचे. गाडी थांबवून पाहिलं, तर मोहाखाली कोणीच नव्हतं. जिवाला बरं वाटलं. मग दिसलं. दोन बांध्यांमधल्या उघड्या धुऱ्यावर एक लोखंडी सब्बल, पहारच ती, उभी गाडलेली, आणि तिच्याभोवती गोल करून, ओले पाय पसरून, बाया डबे सोडत होत्या.

"आई! उठा तिथून!"

"काहून? पडली तं सब्बलीवर पडन. तूच तं सांगतलं!"

बाया हसल्या. मी चिखलातून धावले. सासूबाईंचा पदर खांद्यावर घसरला होता आणि डोक्यावरचे पांढरे केस एकेक करून उभे राहत होते. माझ्या हातावरचेही. फळ्यावर इतकी वर्षं काढलेल्या रेषा प्रत्यक्ष दिसत होत्या. मी त्यांना दंड धरून ओढलं, बायांना नाही नाही त्या शिव्या घातल्या. रस्त्याकडेच्या एका पक्क्या घरात आम्ही कशाबशा शिरलो, तोच मागं आवाज झाला. बराच वेळ कोणाला काही ऐकू येईना.

पाऊस ओसरल्यावर परत जाऊन पाहिलं, तर वीज सब्बलीवरच पडली होती. धुरा उकलला होता, डब्यांतला भात चिखलात गेला होता. सब्बलीपासून दहा पावलांवर, बांधीच्या पाण्यात, बेडूक पोट वर करून तरंगत होते.

"पाहा ते बेडूक!" मी ओरडले. "जमिनीतून पसरते ती. एका पायातून चढते, दुसऱ्यातून उतरते. तुम्ही साऱ्या मेल्या असत्या!"

बेडकांकडे कोणी पाहिलं नाही. साऱ्या सब्बलीकडे पाहत होत्या. सासूबाईंचा चेहरा अभिमानानं फुलला होता. "आमची सून सांगे तसंच झालं ना बाई! टोकावरच पडली."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या रस्त्यानं पाहते, तर बांधी-बांधीत सब्बल उभी. आणि जिथं बाया जेवायला बसतात, नेमकी तिथंच. माझी मलाच लाज वाटली. कॉलेज गेलं चुलीत म्हटलं आणि प्रत्येक धुऱ्यावर उतरून सांगत सुटले. लोक मान डोलवायचे, सब्बल तशीच ठेवायचे. शेवटी एका बांधीत मी स्वतःच उपटायला हात घातला, तर एका म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"मॅडम, तुमच्याच घरून समजलं आमाले. तुमी काढून न्याल, अन् माह्या सुनेवर पडली तं?"

तिची सून पोटुशी होती. म्हणून तिला सगळ्यांत जवळ बसवलं होतं, सब्बलीला पाठ टेकवून. मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, ढग, जमीन, रेषा, पाय. आंबागडकडे गडगडलं.

म्हातारीनं माझं मनगट सोडलं नाही. सुनेकडे वळून म्हणाली, "अजून जवळ सरक वो."