हर्सूल ते सोयगाव, चालत

नामदेवकाकांवर मी लिहावं का, हे मला अजून कळत नाही. मी त्यांचा ना भाचा, ना पुतण्या. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पेपरच्या पुरवणीत लिहायची सवय नाही. चुकलं तर माफ करा. आज सकाळीही मैदानावर जाऊन आलो आणि मगच लिहायला बसलोय…

काका एसटीचे निवृत्त कंडक्टर. उभी नोकरी सोयगावच्या गाडीवर गेली, आणि धुळीनं दमाही तिथंच जडला. मी सोयगावचाच, लहानपणापासून दम्याचा. कापूस वेचायला गेलो की आधी शिंका, मग छातीत शिट्टी. घरचे एकच सांगायचे, "पळू नको, बस." बसून बसून मी जिन्यालाही भ्यायला लागलो. वसतिगृहात खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली, तेव्हा कॉलेज सोडून गावी परतायचं मी मनात ठरवलं होतं.

काका वसतिगृहामागच्या मैदानावर रोज चालायचे. दम्याचा पंप त्यांच्या शर्टाच्या खिशात, पेनासारखा, सगळ्यांना दिसेल असा. माझी धाप बघून त्यांनी विचारलं, "तुझा पंप कुठंय?"

"पेटीत." पंपाची सवय लागते, तो लपवावा, असंच आमच्याकडं मानतात.

"म्हणजे बिगर तिकीट. उतर खाली."

आधी त्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषध बदललं, पंप कधी घ्यायचा ते सांगितलं, आणि हळूहळू चालणं वाढवायला सांगितलं. पंप घेऊन पंधरा मिनिटं बसायचं, थंडीत नाकावर रुमाल बांधायचा, मगच मैदान. काकांचा हिशेब असा, की एक फेरी म्हणजे सोयगावच्या गाडीचा एक स्टॉप; पहिला हर्सूल, दहावा सोयगाव. फेरी संपली की गाडीत पुकारतात तसं गावाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव मध्येच तुटलं, तर त्या दिवशी तिथंच उतरायचं. पहिल्या दिवशी माझं हर्सूलच तुटलं.

"लई लांबचा प्रवास झाला," काका म्हणाले.

फुलंब्रीला मी महिनाभर अडकलो. एकदा चिडून पळत सुटलो आणि खोकत खाली बसलो. माझ्या खिशातला पंप काढून माझ्या हातात देत काका म्हणाले, "गाडी लेट झाली तरी चालंल. बंद नाय पडली पाहिजे."

दिवाळीच्या सुट्टीआधी अजिंठा आलं. तिसरा मजला मी न थांबता चढू लागलो. सुट्टीत गावच्या शाळेच्या मैदानावर एकटाच चाललो. परतायच्या दिवशी नवव्या फेरीला फर्दापूर, आणि दहाव्या फेरीला "सोयगाव" अख्खं निघालं. वडील शेजारच्या शेताच्या बांधावरून बघत होते. "पंप घेतला होतास ना?" एवढंच म्हणाले.

काकांना हे समोरच सांगायचं, म्हणून मी फोन केला नाही. दुपारची गाडी धरली. तिकीट देताना कंडक्टरचं लक्ष माझ्या खिशातल्या पंपाकडं गेलं.

"नामदेवरावांचा अजिंठ्यापर्यंत आलेला पोरगा तूच व्हय?"

"आज सोयगाव झालं," मी म्हणालो.

ते बाजूच्या सीटवर बसले.

"आठ दिवस झाले बाळा, त्यांना जाऊन. डेंग्यू झाला होता. लोक दमा म्हणतील. दम्यानं नाय गेले, हे तू सांगत जा."