वरची पट्टी

तो गायला लागला की भांडणारी माणसंसुद्धा आपला आवाज खाली आणायची. मित्रांनी त्याचं नाव ठेवलं होतं लोणी. गळ्याला ते शोभायचं आणि स्वभावालाही, कारण जरा ऊब मिळाली की गडी वितळलाच!

गाणी तो स्वतः लिहायचा, चालीही त्याच्याच. वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानामागे एक खोली होती. तिथे तो गिटार घेऊन बसायचा आणि ताई काजं-बटणं करता करता त्याच्या सुरावर आपला वरचा सूर धरायची. त्यांचं पहिलं गाणं असंच जुळलं.

ते एका नाचाच्या बँडवाल्याने उचललं. "गाणं झकास आहे, पण झोप येते. पट्टी चढवू," म्हणाला. चढवली चांगली दोन सुरांनी. तालमीत ताईचा आवाज वर जाऊन फाटला. ती हसली, पाणी प्यायली, पुन्हा फाटला. बँडवाल्याने लोणीकडे पाहिलं.

"ताई, एवढं होऊन जाऊ दे," लोणी म्हणाला. "पुढचं आपल्या पट्टीत."

पुढचं कसलं येतंय! कॅसेट ताईविनाच निघाली आणि धडाक्यात खपली. बँडचे दिवस सरल्यावर लोणी गझलेत गेला, तिथून जाहिरातींत, मग कॉम्प्युटरच्या ठेक्यांत. बारा घाटांचं पाणी प्यायला म्हणा ना. दर ठिकाणी ते गाणं नवे कपडे घालून यायचं, पट्टी मात्र तीच चढलेली, कारण लोकांच्या कानात तीच बसली होती. ताईबद्दल कोणी विचारलंच तर तो म्हणायचा, "तिचा गळा तिथवर जात नाही हो, काय करणार?" म्हणताना वाईट वाटायचं, पण झोप छान लागायची.

साठी उलटल्यावर त्याने ठरवलं, तेच गाणं पुन्हा, पण आता नुसती गिटार आणि दोन आवाज. ताईला बोलावलं. "तिच्यासाठी पट्टी उतरवलीय," असं रेकॉर्डिस्टला ऐटीत सांगितलं. त्याचाच गळा आता वर जात नव्हता, ते सांगितलं नाही.

ताई आली, चष्मा सावरून हेडफोन लावला आणि गळा मोकळा करायला म्हणून तिने आपली ओळ म्हटली. बँडच्या पट्टीत. अगदी टोकापर्यंत, स्वच्छ. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट उठून उभा राहिला.

"ताई, हे कधी बसवलंस?"

"तुझी कॅसेट आली तेव्हाच. दुकान बंद झालं की रोज तीच ओळ घासायचे. महिन्याभरात बसलं." तिने हेडफोन नीट केला. "म्हटलं, पुढच्या वेळी बोलावशील, तेव्हा माझ्यामुळे अडायला नको. चल, धर सूर."

लोणीने त्या पट्टीत सूर धरायचा प्रयत्न केला. आवाज अर्ध्यातच बसला.

"असू दे रे," ताई म्हणाली, "तुला झेपेल तिथे गाऊ."

एवढ्या वर्षांत आपण तिला एकदाही विचारलं नाही, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेकॉर्डिस्ट विचारत होता, सुरू करू का.