अंगठाभर फट

रॉस रायफलीत एक खोड आहे. ती ओरेस्ट बाबियाकनं गेल्या चाळीस वर्षांत इतक्या जणांना समजावून सांगितलीय, की त्याची बायको मारुसिया झोपेतून उठूनही धडाधडा म्हणून दाखवेल. बोल्ट सरळ मागे ओढायचा, सरळ पुढे ढकलायचा. त्याचं डोकं आपोआप फिरतं, दात खाचेत बसतात, मग खुशाल गोळी झाडा. पण साफसफाईला बोल्ट खोलला आणि जोडताना डोकं उलट्या अंगानं फिरलं, तर बोल्ट पुढे जातो, बंद झाल्यासारखा दिसतोही, आणि दात मात्र कुठेच अडकलेले नसतात. चाप ओढला की गोळी पुढे जाते आणि तो लोखंडी दांडका मागे येतो, सरळ नेमबाजाच्या थोबाडावर. कुणाचा डोळा जातो, कुणाचा जीव. ओळखायची खूण एकच. डोकं आणि दांडा यांच्यामध्ये अंगठाभर फट हवी. नखाएवढीच असली तर हात जोडायचे आणि बाजूला व्हायचं.

पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या शिपायांनी या बंदुका चिखलात अडकल्या म्हणून शिव्या घालत फेकल्या. पुढे त्या मोडीत निघाल्या आणि सस्कॅचेवानच्या गव्हाच्या शेतांतून हरणं मारायला घरोघर पोचल्या. ओरेस्टकडे तशा दोन आहेत, शिवाय स्वीडनची एक, स्वित्झर्लंडची एक, रशियन तीन. सगळ्या लष्करातून निवृत्त झालेल्या, त्याच्यासारख्याच. तो लष्करात नव्हता म्हणा, रेल्वेत होता. चौतीस वर्षं रूळ तपासत चालला. नव्या चकचकीत बंदुकीला तो ‘भांडं’ म्हणतो. आणि कुणी जुना दस्ता घासूनपुसून पॉलिश केला, तर त्याच्याशी आठवडाभर बोलत नाही. दस्त्यावरचा एकेक ओरखडा कुण्या पोराच्या भीतीचा असतो आणि तो पुसायचा आपल्याला काय अधिकार, असं त्याचं म्हणणं.

त्यांच्या नेमबाजीच्या क्लबात रिवाज होता. रॉस असेल तर ती आधी ओरेस्टच्या टेबलावरून जायची. तो बघायचा आणि चापाच्या कडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचा: ‘पाहिली. ओरेस्ट.’ चिठ्ठी नसलेली रॉस मैदानावर चालत नसे. दुसरा रिवाज त्यानंच पाडलेला आणि तो जरा कडू होता. बोल्ट चुकीचा जोडलेला सापडला, तर ज्याची चूक त्यानं सगळ्यांपुढे उभं राहून तसं सांगायचं, आणि बोल्ट पुन्हा त्यानंच जोडायचा.

शनिवारी सकाळी साडेनऊला ओरेस्ट शेडमध्ये चिंधी शोधायला गेला आणि तेलाच्या डब्याखाली त्याला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी सापडली. कोरी.

त्यानं ती डोळ्यांजवळ नेली. दोन्ही बाजूंनी कोरी होती. 

गुरुवारी तो नेस्टरच्या रॉस रायफलीवर काम करत बसला होता. नेस्टर कोझाक, त्याचा चाळीस वर्षांचा दोस्त, मार्चमध्ये गेला. त्याची मुलगी लारिसा रेजायनाहून येऊन रायफल देऊन गेली होती: शनिवारी क्लबात बाबांच्या नावानं दहा गोळ्या झाडायच्यात, तेवढी साफ करून ठेवा. ओरेस्टनं तिच्यासाठी चिठ्ठी कापून बाजूला ठेवली, बोल्ट खोलला, धुतला, तेल दिलं, जोडला. खट्ट आवाज झाला, तो त्याला आठवत होता. मग मारुसियानं हाक मारली, दवाखान्याचा फोन आला होता, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख. तो आत गेला. तारीख ऐकून त्याचं डोकं भणभणलं म्हणून पडून राहिला. आणि फट बघितली का? ते मात्र आठवेना.

तो घरात धावला. “मारुसिया! लारिसा काल बंदूक घेऊन गेली तेव्हा बंदुकीवर चिठ्ठी होती का?”

मारुसिया क्लबातल्या जेवणासाठी पिरोगीचं, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचं, पीठ मळत होती; त्या झाल्या की दोघं निघणार होते. “कसली चिठ्ठी?”

“अगं, माझी चिठ्ठी!”

“मला काय माहीत! टेबलावर जोडून ठेवलेली होती, मी पेटीत घालून दिली. तुला सांगितलं तेव्हा मान डोलावलीस की नंदीसारखी.” मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात पिठातून बाहेर काढले. “ओरेस्ट, काय केलंस?”

“माहीत नाही. तेच तर माहीत नाही.”

त्यानं लारिसाला फोन लावला. बंद. क्लबाचं मैदान खोलगट दरीत, तिथे फोन लागतच नाही. दहाला गोळीबार सुरू होणार. अंतर अडतीस किलोमीटर. डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला मनाई केली होती, आणि हे क्लबात कुणालाही ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर चिठ्ठ्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं असतं. म्हणून मारुसिया त्याला दरवेळी क्लबाच्या दारापर्यंत सोडायची आणि लोक समजायचे, काय हौशी जोडपं आहे.

“किल्ली घे,” तो म्हणाला. “आणि आज जरा हाण गाडी.”

मारुसियानं आयुष्यात कधी वेगाची मर्यादा ओलांडली नव्हती. आज ओलांडली. खडीचा रस्ता, मागे धुळीचा लोट, तिच्या मनगटांवर अजून पीठ. ओरेस्ट डोळे ताणून समोर बघत होता, जणू त्याच्या बघण्यानं गाडी पळणार होती.

“क्लिफर्ड बिनचिठ्ठीची बंदूक चालवू देईल का?” तिनं विचारलं. क्लिफर्ड म्हणजे मैदानावरचा पंच.

“नेस्टरची बंदूक आहे, मी साफ केलीय हे त्याला ठाऊक आहे. म्हणेल, चिठ्ठी गळून पडली असेल. माझ्यावर विश्वास आहे ना मेल्याचा!”

दरीच्या अलीकडच्या रेल्वे फाटकाशी दिवे लुकलुकायला लागले. मारुसियानं करकचून ब्रेक दाबला. धान्याची मालगाडी. ज्याला या मुलखातल्या मालगाड्या ठाऊक आहेत त्याला वेगळं सांगायला नको. शेपूट कुठे आहे ते देवालाच माहीत.

“उतरून रुळावर उभा राहू का?” ओरेस्ट म्हणाला.

“राहा! म्हणजे आज दोघांची मैत.”

 डबे खडखडत जात होते. त्याच्या डोळ्यांपुढे लारिसा येत राहिली, सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, त्याच्या खांद्यावर बसून ‘वुय्को, अजून उंच!’ म्हणणारी. वुय्को म्हणजे मामा. रक्ताचं नातं काही नव्हतं, पण तिला दुसरा मामाही नव्हता. आता ती चाळिशीची होती, पण त्याला दिसायचा तो तिचा बोळका चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर मागे येणारं लोखंड.

आणि नेस्टर आठवला. तेवीस वर्षांपूर्वी याच रायफलीचा बोल्ट नेस्टरनं चुकीचा जोडला होता. ओरेस्टनं पकडला आणि मित्र म्हणून दयामाया केली नाही. नेस्टर सगळ्यांपुढे उभा राहिला, कान लाल, टोपी हातात. म्हणाला, ‘चूक माझी.’ लारिसा तेव्हा तिथेच होती. नंतर दोन उन्हाळे नेस्टर मैदानाकडे फिरकला नाही. मग एक दिवस आला, काही न बोलता शेजारी बसला आणि कोबासाचा, मसालेदार सॉसेजचा, तुकडा कापून पुढे केला. ओरेस्टनं तो खाल्ला. माफी मात्र मागितली नाही. नियम तो नियम, असं वाटायचं तेव्हा.

शेवटचा डबा गेला. घड्याळात दहा वाजून सात मिनिटं.

दरीत उतरतानाच त्यांना खांबावरचा लाल झेंडा दिसला, म्हणजे गोळीबार चालू. एक आवाज आला. मग दुसरा.  मारुसियानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. गाडी थांबायच्या आत ओरेस्ट उतरला, गुडघ्यावर आपटला, उठला आणि ओरडला, “थांबा! सगळे थांबा!”

मैदानावर कुणीही ‘थांबा’ म्हटलं की थांबायचंच. रायफली खाली गेल्या, बोल्ट उघडले. क्लिफर्ड ढेरी सावरत वळला. “काय रे बाबा, घर पेटलं का?”

“लारिसा कुठाय?”

क्लिफर्डनं मागे बोट दाखवलं. लारिसा छपराखाली बाकावर बसली होती. रायफल मांडीवर, बोल्ट हातात काढलेला. ओरेस्टला चेहरा ओळखू येईपर्यंत अगदी जवळ जावं लागलं. चेहरा धड होता. तो बाकाची कड धरून उभा राहिला. 

“वुय्को, बसा आधी,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “काल रात्री घरी बघितला. अंगठा मावत नाही फटीत. तुम्हीच शिकवलंय ना बघायला.”

“देवा रे.”

“कुणाला बोलले नाही मी. फोन केला असता तर मारुसिया मावशींनी उचलला असता, म्हणून तुमची वाट बघत बसले. गाडीत नेऊन नीट करून आणा. मी सांगते, चिठ्ठी बांधायची राहिली होती.”

किती सोपं होतं! लोक दहा पावलांवर उभे होते, कुणाला काही कळलं नव्हतं. ओरेस्टनं बोल्ट हातात घेतला, अंगठा फटीपाशी नेला. नखच तेवढं गेलं. त्याला खरंच वाटलं की जावं गाडीत. मग नेस्टरचे लाल कान त्याच्या पुढ्यात आले आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

तो सगळ्यांच्या समोर जाऊन उभा राहिला. टोपी काढली. “नेस्टरच्या रायफलीचा बोल्ट मी उलटा जोडला,” तो म्हणाला. “न बघता दिला. लारिसानं बघितला म्हणून ती वाचली. चूक माझी.”

 क्लिफर्डनं डोकं खाजवलं. “तू? तू कसा काय चुकलास?”

“फोन आला होता,” ओरेस्ट म्हणाला. ते खरं होतं, पण अर्धंच.

मग त्यानं तिथेच बोल्ट खोलला. जोडताना त्यानं डोळे मिटले, कारण उघडे ठेवून काही फरक पडत नव्हता. बोटांना वाट ठाऊक होती. डोकं फिरलं, खट्ट झालं, आणि अंगठा फटीत नीट बसला.

लारिसानं पेटीतून काडतुसं काढली. दहा होती, नेस्टरनं जायच्या आधी स्वतः भरलेली.

“पहिलं मला दे,” ओरेस्ट म्हणाला.

“वुय्को, ती बाबांची...”

“माहीत आहे. पण काम माझ्या हातचं आहे. आधी माझा गाल लागेल.”

तिनं एक दिलं. तो चटईवर पालथा पडला. क्लिफर्डनं हात वर केल्यावर त्यानं बोल्ट हळूच पुढे ढकलला, दात फिरताना पाहिल्यासारखं केलं आणि अंगठ्यावर भिस्त ठेवून चाप ओढला. खांद्याला धक्का बसला. बोल्ट जागचा हलला नाही.

क्लिफर्डनं दुर्बीण लावली. “निशाणाला काही झालं नाही रे ओरेस्ट! मागच्या टेकडीला मात्र बरंच लागलंय!”

सगळे हसले. लारिसाही हसली. “बाबांनी दोन दिली असती तुम्हाला. एकात तुमचं भागत नाही हे त्यांना माहीत होतं.”

ओरेस्ट उठला आणि चटई तिला दिली. ती आडवी झाली, दस्त्याला गाल टेकला. तिचा उजवा डोळा बोल्टच्या बरोब्बर मागे होता. स्वतः पडला होता तेव्हा त्याला एवढी भीती वाटली नव्हती. आता वाटली. तिनं काडतूस घातलं आणि बोल्ट पुढे ढकलायच्या आधी रायफल जराशी कलती केली, त्याला बघता यावं म्हणून.

“बघा, वुय्को.”

तो वाकला. लोखंडाचा एक करडा ठिपका, बाकी धुकं. मघाशी स्वतःसाठी त्यानं पाहिल्याचं नाटक केलं होतं. आत्ताही मान डोलावली असती तरी चाललं असतं. क्लिफर्ड शेजारी होता, बाकीचे कान देऊन होते.

“मला दिसत नाही, लारिसा,” तो मोठ्यानं म्हणाला. “वसंतापासून धड दिसत नाही. तूच बघ.”

 लारिसानं त्याच्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून बोल्ट अगदी सावकाश पुढे नेला.

“फिरले,” ती म्हणाली. “दोन्ही दात फिरले.”

“मग झाड.”

तिनं झाडली. कुठे लागली ते क्लिफर्डनं ओरडून सांगितलं. ओरेस्टनं तिकडे पाहिलंच नाही. तो तिचा चेहरा बघत होता, आणि तो जवळ असल्यामुळे त्याला नीट दिसत होता.