तो डाग नव्हता

एकोणीस जानेवारीला सकाळी दहा वाजता मला राग आला. तो अद्याप उतरलेला नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका सभागृहात माझ्या दिवंगत मित्राच्या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडले जात होते. उद्घाटन संध्याकाळी होते. आधी एकदा नजर टाकावी म्हणून गेलो, तर दारासमोरच्या भिंतीवरील सर्वांत मोठ्या छायाचित्रातून एक घर काढून टाकलेले आढळले. ते घर त्यात कायम राहील, असा शब्द माझ्या मित्राने एका बाईला दिला होता. शब्द दिला तेव्हा मी शेजारी उभा होतो. म्हणून हे लिहीत आहे.

आमच्या कॉलनीत या मित्राला सगळे ‘वाळूवाले’ म्हणत. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नमुंजींचे आणि पासपोर्टचे फोटो काढून त्यांनी संसार केला. साठी उलटल्यावर स्टुडिओ बंद केला आणि वाळवंटांचे फोटो काढू लागले. मुलगी माधवी अमेरिकेत ॲरिझोनाला राहते. तिला भेटणे हे निमित्त. खरे जाणे त्या देशाच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांत. परत आले की महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला वाळूच्या टेकड्या आणि लाल डोंगर दाखवीत. त्यावरून हे नाव पडले आणि गावभर झाले. मग बांधकामाची वाळू विकणारे समजून लोक त्यांना फोन करू लागले.

“वाळूवाले ना? सायखेड्याला दोन ब्रास पाठवा.”

दुसऱ्या कोणी फोन आपटला असता. हे शांतपणे विचारीत, “लाल पाहिजे का पांढरी? लाल ॲरिझोनाची, पांढरी न्यू मेक्सिकोची. भाडं मात्र जास्त पडेल.”

“हे मेक्सिको कुठं आलं? निफाडच्या पुढं का?”

“बरंच पुढं,” असे म्हणून ते फोन ठेवीत. हसत नसत.

ते चिडत एकाच शब्दाला. तो शब्द म्हणजे ‘डाग’. स्टुडिओच्या काळात मुलींचे स्थळांसाठी काढलेले फोटो त्यांच्याकडे येत. आया सांगत, एवढा गालावरचा डाग काढून टाका. त्या काळी निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करून असे डाग घालवीत आणि त्यात त्यांचा हात चांगला होता. तरीही ते नकार देत. “हा डाग नाही, तीळ आहे. मुलाकडचे बघायला आले म्हणजे तीळही तिच्याबरोबर चहा घेऊन येणार आहे. तेव्हा काय सांगाल?” असे त्यांनी एका बाईंना माझ्यासमोर सुनावले. बाई तणतणत दुसऱ्या स्टुडिओत गेल्या. वाळूवाल्यांची गिऱ्हाइके अशी पुष्कळ गेली. कपड्यावर धूळ असेल तर ते स्वतः ब्रशने झटकून देत. फोटो काढून झाल्यावर मात्र कशालाही हात लावीत नसत. “आधी नीट बघा, मग डाग म्हणा,” हे त्यांचे नेहमीचे वाक्य.

त्यांचे वडील गवंडी होते. वडिलांची पातळी तपासायची लाकडी पाणसळ त्यांनी जपून ठेवली होती. हातभर लांबीची पट्टी, मध्ये काचेची नळी, नळीत बुडबुडा, एका टोकाला टांगण्यासाठी भोक. नव्या कॅमेऱ्यात चौकट सरळ आहे की नाही हे पडद्यावरच दिसते, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “दिसू द्या. मी हिला विचारतो.” लग्नाच्या ग्रुप फोटोला ते मागच्या बाकावर पाणसळ ठेवीत आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत बाकाच्या पायाखाली कागदाच्या घड्या सरकवीत. नवरदेवाचे मामा ओरडत, “अहो, फोटो काढताय का भिंत बांधताय?” यांचे उत्तर ठरलेले, “भिंत पाडून पुन्हा बांधता येते. लग्नाचा फोटो पुन्हा काढता येत नाही.”

त्यांचा दुसरा राग ‘ओसाड’ म्हणणाऱ्यांवर होता. ऐन मे महिन्यात ते चांदवडच्या बाजूला जात. डोंगर तेव्हा करपलेले असतात. पावसाळ्यात हिरव्या गवतात उभे राहून स्वतःचे फोटो काढणारी शहरातली मंडळी तेव्हा तिकडे फिरकत नाहीत. एकदा मी बरोबर होतो. पायथ्याशी एक मेंढपाळ बसला होता. त्याने आम्हाला कॅमेऱ्याच्या तिपाईसकट येताना पाहिले आणि बसल्या जागेवरून हाक दिली.

“फोटो काढा, पन आमाला उठवू नका. मागल्या टायमाला एक जन आला, म्हने मेंढरं बाजूला घ्या, डोंगर मोकळा पायजे. मोकळा कशाला? मेंढरं काय डोंगराला चावत्यात?”

“बसा हो पाटील,” वाळूवाले म्हणाले, “तुम्ही उठलात तर मीही फोटो काढणार नाही.”

“मंग नीट काढा. मपली टोपी लय मळेल हाय.”

टोपी जशी होती तशीच फोटोत आली.

एके वर्षी माधवीने सांगितले, बाबांना एकटे पाठवू नका. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक, घरात एकटा. बरोबर गेलो. ती गाडी चालवी, हे पुढे बसत, मी मागे. तासन्‌तास रस्ता सरळ होता. मग सपाट माथ्याचे उंच डोंगर दिसू लागले. वाळूवाल्यांनी गाडी थांबवायला लावली आणि उतरून उभे राहिले.

“मास्तर, हा आपला चांदवडकडचा धोडप बघा. आणि ती शेजारी हडबीची शेंडी.”

मी सांगितले की आपला खडक लाव्हाचा आहे आणि हा वाळूचा. दोहोंचा काही संबंध नाही.

“तुम्ही खडक बघा. मी उजेड बघतो,” ते म्हणाले.

तो मुलूख नवाहो या तिथल्या मूळ रहिवाशांचा होता. तिथे विचारल्याशिवाय फोटो काढणे गैर आहे, असे माधवीने बजावले होते. एका मोठ्या लाल डोंगराच्या पायथ्याशी एक बुटके, अनेक बाजूंचे घर होते. दार पूर्वेला. बाहेर एक जुनी गाडी आणि मेंढ्यांचा गोठा. एक वयस्क बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. वाळूवाल्यांनी हात जोडले आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत परवानगी मागितली. बाईंचे इंग्रजी संथ आणि स्पष्ट होते.

“तुम्हीही मला गाडी हलवायला सांगणार का?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“मेंढ्या?”

“नाही.”

“घर हलवता येत नाही, म्हणून लोक ते नंतर पुसतात,” बाई म्हणाल्या. “दुकानात एक कॅलेंडर टांगलं होतं. डोंगर हाच. घर नव्हतं. माझ्या नातीने विचारलं, आजी, आपण कुठे आहोत? तुमच्यासारखे लोक म्हणतात, घर मध्ये येतं. माझी आजी इथेच जन्मली. मध्ये कोण आलं?”

वाळूवाल्यांना यातले किती समजले असेल, अशी मला शंका होती. माधवी मराठीत सांगू लागली, तर त्यांनी तिला हाताने थांबवले. समजले होते. त्यांनी पिशवीतून नाशिकच्या बेदाण्यांची पुडी काढून बाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, “युवर हाउस, स्टे. ऑलवेज. माय वर्ड.”

“बघू,” बाई म्हणाल्या. त्यांनी एक बेदाणा खाल्ला. मग परवानगी दिली.

आम्ही समोरच्या टेकाडावर चढलो. तिपाईवर पाणसळ ठेवली गेली. माधवी ऊन चढते आहे म्हणून कुरकुरत होती. डोंगराची सावली सरकत घरापासून दूर झाली, तेव्हा त्यांनी फोटो काढला. त्या अफाट पसाऱ्यात घर तिळाएवढे दिसते. पण ते दिसते, आणि एकदा दिसले की डोंगर किती मोठा आहे ते प्रथमच कळते. पुढच्या वर्षी त्यांनी त्याची प्रत स्वतः नेऊन बाईंना दिली. बाईंनी चष्मा लावला, फोटोवरून बोट फिरवत नेले, एका ठिकाणी थांबवले आणि म्हणाल्या, “आहे.” हे वाळूवाल्यांनी परत आल्यावर मला जितक्या वेळा सांगितले तितक्या वेळा दुसरे काही सांगितले नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. आजार लांबला नाही. शेवटच्या आठवड्यात मला बोलावून त्यांनी त्याच फोटोची चौकटीत बसवलेली प्रत दिली आणि पाणसळही दिली. “मास्तर, सरळ लावा. कोणी विचारलं तर घर दाखवा. कोणी नाही विचारलं तरी दाखवा.” मी बरे म्हणालो.

आता सभागृहाकडे येतो. प्रदर्शन एका हौशी मंडळाचे. माधवीने विश्वासाने त्यांना सगळी छायाचित्रे पाठवली होती. चिटणीस माझ्याकडे हसत आले.

“या सर! कसं वाटलं? सात फुटी कॅनव्हास आहे.”

मी विचारले, “यातले घर कुठे गेले?”

“कुठलं घर?”

मी काठीने जागा दाखवली. तिथे गुळगुळीत लाल माती होती. खाली कार्डावर शीर्षक छापले होते: निर्जन.

“अहो सर, तो डाग होता! कॅमेऱ्यात धूळ बसते ना. वय झालं होतं काकांचं, लक्ष गेलं नसेल. आमच्या माणसाने एका क्लिकमध्ये काढला. आता बघा, किती क्लीन वाटतंय.”

“त्या डागात माणसे राहतात.”

“एवढ्याशा ठिपक्यात?”

“तुमचा बंगला विमानातून केवढा दिसतो?”

मग त्यांनी आवाज खाली आणला. “सर, तुम्ही उगाच टेन्शन घेताय. पाच वाजता पाहुणे येणार. आता नवीन प्रिंट कुठून आणू? आणि खरं सांगू का, कोणाला कळणार आहे?”

हे वाक्य मी या गावात फार ऐकले आहे. डोंगर पोखरून मुरूम नेणारेही हेच म्हणतात. ज्या माणसाने जन्मभर कोणाच्या गालावरचा तीळ पुसला नाही, त्याच्याच नावाच्या फलकाखाली या लोकांनी एका कुटुंबाचे घर पुसले, वर तो म्हाताऱ्याचा गलथानपणा ठरवला, आणि जागा रिकामी करून झाल्यावर तिला ‘निर्जन’ नाव दिले. हा क्रम नीट पाहावा. आधी पुसायचे आणि मग म्हणायचे की इथे कोणी नव्हतेच. त्या बाईंनी दारात बसून नेमके हेच सांगितले होते. हे काम परदेशातील कॅलेंडरवाल्यांचे आहे अशी माझी समजूत होती. आपले लोक ते तितक्याच सफाईने करतात, आणि वर हार घालतात.

मी माधवीला फोन लावला. तिकडे रात्र होती. सगळे ऐकून ती एवढेच म्हणाली, “काका, तो उतरवा. नसतील उतरवत तर सगळेच उतरवा.” मी फोन चिटणिसांच्या कानाला लावला. त्यांचे “हो मॅडम, हो मॅडम” संपल्यावर दोन माणसांनी कॅनव्हास खाली घेतला.

“आता भिंत रिकामी दिसेल हो सर!”

“दिसू द्या. रिकामे तुम्हाला आवडतेच,” मी म्हणालो. कार्ड मात्र मी स्वतः फाडले.

रिक्षा करून घरी गेलो. माझ्या खोलीतील भिंतीवरून वाळूवाल्यांची प्रत काढली, टॉवेलात गुंडाळली, पाणसळ पिशवीत घेतली आणि परत आलो. सात फुटी कॅनव्हासच्या जागी दीड फुटाची चौकट. चिटणीस म्हणाले, “फारच छोटं दिसतंय.” मी चौकटीवर पाणसळ ठेवली. डावी बाजू खाली होती. खिळा हलवायला लावला. त्यांचा माणूस कंटाळून म्हणाला, “बाबा, झालं की सरळ.” बुडबुडा अजून मध्यावर आला नव्हता. आणखी एकदा हलवायला लावला. मग आला.

संध्याकाळी भाषणे झाली. ती मी ऐकली नाही. मी चौकटीशेजारी खुर्ची घेऊन बसलो होतो. चित्र लहान असल्यामुळे लोकांना जवळ यावे लागत होते. एक बाई जवळ येऊन वाकल्या, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, इकडे या. इथे कोणाचं तरी घर आहे.”

मी म्हणालो, “आहे.”

प्रदर्शन आठवडाभर चालणार होते, म्हणून प्रत तिथेच ठेवली. घरी आलो. खोलीतील भिंतीवर खिळा उघडा राहिला होता. टोकाच्या भोकातून पाणसळ त्यावर टांगली आणि दिवा मालवला.